कानातला ट्रेनर आणि अंगातले रक्त

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या घरातला एक मुलगा चार दिवस सरकारी दवाखान्यात होता. वय एकोणीस. दिवसा सेंट्रिंगच्या कामावर, संध्याकाळी वस्तीतल्या पत्र्याच्या जिममध्ये. पोलीस भरतीची तयारी चालू होती आणि कानात कायम इअरफोन. मोबाईलवरच्या कुठल्याशा फिटनेसच्या कार्यक्रमात त्याने ऐकले की शंभर उठाबशा काढायच्या, लगेच पळायचे, परत शंभर काढायच्या, मध्ये थांबायचे नाही. मे महिन्यात, दिवसभर उन्हात काम करून आल्यावर, त्याने तेच केले. पाणीही धड प्यायला नव्हता.

रात्री मांड्या इतक्या दुखू लागल्या की त्याला मोरीपर्यंत जाता येईना. सकाळी लघवी काळ्या चहासारखी झाली. आईने शेजारच्याची रिक्षा काढायला लावली. डॉक्टरांनी सलाइन लावले, रक्त तपासायला पाठवले आणि आईला विचारले, "मावशी, याची सिकलसेलची तपासणी कधी झाली होती का?"

झाली होती. शाळेत असताना. पेटीत, रेशनकार्डाच्या खाली ठेवलेल्या कागदावर 'एएस' असे लिहिले होते. म्हणजे मुलगा सिकलसेलचा वाहक. आईला एवढेच आठवत होते की 'काही काळजीचं नाही' असे तेव्हा सांगितले होते. मुलाला धड माहीत नव्हते. जिमवाल्याने कधी विचारले नव्हते. आणि कानात बोलणाऱ्या माणसाला तर हा मुलगा जगात आहे हेसुद्धा माहीत नव्हते.

मुलगा बरा झाला, पुन्हा कामावर जायला लागला. डॉक्टरांनी आईला समजावले की वाहक असणे हा काही रोग नाही. पण ऊन, कमी पाणी, एकदम वाढवलेला व्यायाम आणि वाहक असणे हे सगळे एका संध्याकाळी एकत्र आले. तेव्हापासून आमच्या मनात एक गोष्ट घोळते आहे. घराघरांत पोरांच्या कानात हे ट्रेनर बोलत असतात. त्यांचे काय घ्यायचे आणि काय त्यांच्याकडेच ठेवायचे, हे आपण ठरवायला नको का?

चार ट्रेनर एकत्र येतात तेव्हा

पॉडकास्ट म्हणजे रेडिओवरच्या गप्पांसारखाच कार्यक्रम, फक्त फोनवर हवा तेव्हा ऐकायचा. यातला एक गाजलेला कार्यक्रम अमेरिकेतला आहे. कॅलिफोर्निया राज्यातल्या सॅन होजे शहरात २०१५ मध्ये साल डी स्टेफानो, अॅडम शेफर आणि जस्टिन अँड्र्यूज या तिघांनी 'माइंड पंप' सुरू केला. तिघांनीही वर्षानुवर्षे जिममध्ये ट्रेनर म्हणून काम केलेले. माइकसमोर बसायचे आणि व्यायाम, आहार, झोप यांवर मित्रांसारखे बोलायचे, थट्टामस्करीही करायची. बघता बघता दोन हजारांवर भाग झाले. त्यांच्यासारखे करणारे आता जगभर आहेत, आपल्याकडे हिंदीतही आहेत. कॉलेजात जाणारी पोरे इंग्रजीतून ऐकतात, बाकीच्यांना जिममधला मित्र सांगतो, "अरे, तो बोलला बघ काल." असे करत करत ते बोलणे आपल्या गल्लीपर्यंत येते.

या लोकांना आम्ही वाईट म्हणत नाही. उलट 'माइंड पंप'वाल्यांची एक गोष्ट आम्हाला मनापासून पटते. अंग मोडेपर्यंत व्यायाम करू नका, असे ते वारंवार सांगतात. जेवढ्याने शरीरात फरक पडतो तेवढाच करा आणि हळूहळू वाढवा, हा त्यांचा आग्रह आहे. वजन उचलण्याचा व्यायाम फक्त दंड दाखवणाऱ्या पोरांसाठी नाही, बायांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठीही आहे, हेही ते ठासून सांगतात. साल डी स्टेफानो यांनी २०२१ मध्ये याच विषयावर पुस्तकही लिहिले.

यात तथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल सांगितली आहे, म्हणजे भरभर चालणे वगैरे. त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. पासष्टीच्या पुढे तर तोल आणि ताकद यांचा व्यायाम तीन दिवस करावा असे म्हटले आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात. जेवणानंतर रक्तात चढलेली साखर सर्वांत जास्त वापरतात ते स्नायूच. आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असे आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. तेव्हा ताकदीचा व्यायाम हा नटांचा शौक आहे, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

ते कोणाशी बोलतात?

अडचण पुढे आहे. ट्रेनरचे खरे काम बघण्याचे असते. समोरचा माणूस कसा उभा राहतो, कुठला गुडघा वाकवताना तोंड वाकडे करतो, कामावरून दमून आला आहे का, काही आजार आहे का, हे पाहून तो व्यायाम देतो. पॉडकास्टवर बोलणाऱ्या ट्रेनरला हे काहीच दिसत नाही. मग तो मनात एक श्रोता धरून बोलतो. अमेरिकेतल्या ट्रेनरच्या मनातला श्रोता बहुधा दिवसभर खुर्चीवर बसलेला असतो, गाडीने घरी येतो, त्याचा फ्रिज भरलेला असतो आणि जिमची फी देताना त्याला दोनदा विचार करावा लागत नाही. अशा माणसाला 'आणखी हालचाल कर, आणखी वजन उचल' असे सांगणे बरोबरच आहे.

आपल्याकडचा ऐकणारा दिवसभर विटा उचलून येतो. हमाली करून येतो. आपली ताई चार घरची धुणीभांडी करून, नळावरून हंडे आणून, मग स्वयंपाकाला लागते. तिला कोणी 'तू व्यायाम करत नाहीस' म्हटले तर ती हसेल, आणि तिचे हसणे चुकीचे नाही. पण 'कामातच व्यायाम होतो' हेही पुरते खरे नाही. मोकळ्या वेळेतल्या व्यायामाने हृदयाला जो फायदा होतो, तो कामावरच्या जड मेहनतीने तसा होत नाही, असे अलीकडच्या बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. कामावर ओझे आपण ठरवत नाही, मुकादम ठरवतो. तास आपण ठरवत नाही. एकाच बाजूने वाकणे, एकाच खांद्यावर उचलणे चालू राहते आणि मध्ये विसावा नसतो. व्यायामात वजन थोडे थोडे वाढवायचे असते, दोन्ही बाजूंनी करायचे असते आणि नंतर अंगाला आराम द्यायचा असतो.

म्हणून दिवसभर ओझी वाहणाऱ्याने संध्याकाळी परत ओझी उचलून अंग मोडू नये. त्याला कंबर, पोट आणि पाठ सावरणारे थोडे व्यायाम, भरपूर पाणी आणि झोप हवी. जड व्यायाम सुट्टीच्या दिवशी. आणि जी माणसे दिवसभर गाड्यावर, टपरीवर किंवा शिलाई मशीनवर बसून असतात, त्यांनी मात्र उठून चालले पाहिजे. दोघांना एकच सल्ला देऊन चालणार नाही.

रक्तातली गोष्ट

आता सिकलसेलकडे येऊ, कारण त्याचे आपल्याकडे नीट बोलणेच होत नाही. विदर्भात आदिवासी समाजात आणि आपल्या समाजातही हा दोष बऱ्याच घरांत आढळतो. कामासाठी पुण्या-मुंबईला आलेल्या कुटुंबांबरोबर तो इकडेही आलेला आहे. 'एसएस' म्हणजे रुग्ण. त्याने व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. 'एएस' म्हणजे वाहक. तो एरवी ठणठणीत असतो, त्याला त्रास जाणवत नाही, आणि म्हणूनच घरात विसर पडतो.

अमेरिकेत या विसराची किंमत मोजली गेली. २००६ मध्ये टेक्सासमधल्या राइस विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉल खेळाडू सरावात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. तो वाहक होता, हे कोणी पाहिले नव्हते. त्या प्रकरणानंतर तिथल्या कॉलेज खेळांच्या 'एनसीएए' या संघटनेने २०१० पासून वरच्या गटातल्या खेळाडूंसाठी सिकलसेलच्या तपासणीचा नियम आणला.

याचा अर्थ वाहकाने पळू नये असा अजिबात नाही. अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांचा मृत्यूचा धोका इतरांपेक्षा जास्त दिसला नाही. अति श्रमाने स्नायू फुटून त्यातली द्रव्ये रक्तात उतरण्याचा धोका मात्र वाहकांमध्ये ५४ टक्क्यांनी जास्त दिसला. आमच्या ओळखीच्या मुलाला झाले ते हेच. या द्रव्यांनी मूत्रपिंडे बंद पडू शकतात. लष्करात सगळ्यांनाच पाणी, विसावा आणि हळूहळू सराव वाढवण्याची शिस्त असते. ती शिस्त पाळली तर वाहक माणूस सैनिकही होतो. पत्र्याच्या जिममध्ये मे महिन्यात ती शिस्त कोण पाळतो?

भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. पहिल्या आठवड्यात पूर्ण १६०० मीटर जोर लावून पळू नका. अंतर आणि वेग दोन-तीन आठवड्यांत चढवा. ऊन चढायच्या आत पळा. आधी, मध्ये आणि नंतर पाणी प्या. ताप असताना, जुलाब झालेले असताना किंवा रात्रभर जागे असताना पळायला जाऊ नका. पळताना पाय गळून गेल्यासारखे वाटले, मांडी-कंबर दुखू लागली किंवा धाप बसेना, तर तिथेच थांबा. 'थोडं सहन कर' म्हणणाऱ्याचे त्या वेळी ऐकू नका. लघवी काळपट किंवा लालसर झाली तर घरी लिंबूपाणी पीत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. हे वाहक नसलेल्यालाही लागू आहे.

तपासणी साधी आहे, रक्ताच्या थोड्या नमुन्यावर होते. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सुरू झाली. तिचा भर आदिवासीबहुल भागांवर आहे. शहरातल्या वस्तीत कोणी दारात येईल म्हणून वाट पाहू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन स्वतः विचारा. आशाताईंना विचारा.

ताटातले हिशेब

दुसरी गोष्ट प्रोटीनची. 'माइंड पंप'वाले शरीराच्या वजनाच्या दर पौंडामागे एक ग्रॅम प्रोटीन, असा सोपा हिशेब सांगतात. आपल्या किलोत तो साधारण २.२ ग्रॅम होतो. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला १३२ ग्रॅम. आयसीएमआरची शिफारस सर्वसाधारण माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम आहे. नियमित व्यायाम करणाऱ्यासाठी क्रीडा आहाराचे जाणकार किलोमागे १.४ ते २ ग्रॅम सांगतात. ६० किलोला ८४ ते १२०.

पोरगा १३२ चा आकडा ऐकतो, घरातल्या वरणभाताकडे पाहतो आणि त्याला वाटते, आपल्या घरात हे व्हायचे नाही. मग तो पावडरच्या डब्याकडे वळतो. इथेच आपण त्याला हिशेब मांडून दाखवला पाहिजे. चार अंडी म्हणजे २४ ग्रॅम. पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या म्हणजे २६. शंभर ग्रॅम डाळ, कच्ची मोजलेली, म्हणजे २२. मूठ-दीड मूठ शेंगदाणे, साधारण पन्नास ग्रॅम, म्हणजे १२. ज्वारी-बाजरीच्या चार भाकरींचे मिळून २० च्या आसपास. बेरीज शंभराच्या वर जाते. यात कधी सुकट, कधी वजडी, कधी कलेजी घातली तर आणखी भर पडते, कलेजीतून लोहही मिळते. ज्यांचा रक्तदाब जास्त आहे त्यांनी सुक्या मासळीचे मीठ धुऊन काढावे. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नये.

हे लिहिताना एक गोष्ट विसरता येत नाही. बड्याचे मटण हे आपल्या घरांतले स्वस्त आणि ताकदीचे अन्न होते. २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि कितीतरी घरांच्या ताटातून ते गेले किंवा महाग झाले. त्याच वर्षी तिकडे कॅलिफोर्नियात तीन ट्रेनर माइकसमोर बसून प्रोटीन वाढवा म्हणत होते. त्यांचा दोष नाही. पण आपल्या ताटातून काय गेले हे त्यांना कळणार कसे? ते आपल्यालाच माहीत आहे, म्हणून त्याच्या जागी काय आणायचे हेही आपल्यालाच बसून ठरवायला लागेल.

फुकट बोलणाऱ्याचे पोट

कार्यक्रम ऐकायला पैसे पडत नाहीत. मग त्या माणसांचे घर कशावर चालते? जाहिरातींवर, आणि स्वतःच विकत असलेल्या व्यायामाच्या कोर्सवर. 'माइंड पंप'ही असेच चालते, आणि ते लपवत नाहीत. यात पाप नाही, मजुरी सगळ्यांनाच लागते. पण सल्ला कुठे संपला आणि विक्री कुठे सुरू झाली, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात राहिले पाहिजे. 'हे नसेल तर अंग बनणार नाही' असे कोणी म्हणू लागला की समजावे, दुकान उघडले.

पावडरचे म्हणाल तर २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ७० टक्के डब्यांवर प्रोटीनची माहिती बरोबर नव्हती. काहींत बुरशीचे विषही सापडले. एका डब्याच्या किमतीत घरातल्या पाच माणसांची महिनाभराची अंडी येतील का, हा हिशेब आईबापांनी मुलाबरोबर बसून करावा. आणि जिममध्ये कोणी 'ताकदीचं इंजेक्शन' हातात ठेवले, तर ते कितीही ओळखीचे असले तरी तिथून बाहेर पडा. मेफेन्टरमाइनसारखी औषधे ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब पडला तर डॉक्टर वापरतात. ती व्यायामासाठी टोचून घेणे म्हणजे हृदयाशी जुगार आहे.

आपले ट्रेनर कुठे आहेत?

आमचे खरे मागणे आता सांगतो. आपल्या वस्तीतली कितीतरी पोरे आणि आता काही पोरीही शहरातल्या मोठ्या जिममध्ये ट्रेनर म्हणून काम करतात. सकाळी पाचला उठून ती दुसऱ्यांच्या पाठी सरळ करतात. ज्ञान आपल्या दारात आहे, फक्त ते वस्तीत परत येत नाही. तिकडे तीन ट्रेनर एकत्र बसले आणि हजारो लोकांशी बोलले. आपल्याकडे असे तिघे-चौघे महिन्यातून एकदा एकत्र का बसू नयेत? फोन आहे, भाषा आहे, ऐकणारी माणसे आहेत. बोलणे रेकॉर्ड करून वस्तीच्या ग्रुपवर टाका. सोबत आशाताईंना बसवा, जमल्यास आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना बोलवा. सिकलसेलवर बोला, रात्रपाळीच्या वॉचमनच्या झोपेवर बोला, बांधकामावरच्या बाईच्या कंबरेवर बोला. कुठलाही परदेशी ट्रेनर हे बोलणार नाही.

आणि त्यांच्याजवळ एक गोष्ट असेल जी कानातल्या ट्रेनरजवळ नाही. ते ऐकणाऱ्याला प्रत्यक्ष पाहू शकतील. रविवारी सकाळी विहाराच्या अंगणात किंवा समाजमंदिरात अर्धा तास पुरे. प्लास्टिकच्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे. भिंतीला हात लावून दहा जोर. पाच लिटरच्या कॅनमध्ये पाणी भरले की पाच किलोचे वजन तयार, ते कंबरेत न वाकता, गुडघे वाकवून उचलणे. हे थोडे थांबून दोनदा करायचे, आणि आठवड्यात आणखी एक दिवस घरी. आजी येऊ द्या, सासू-सून दोघी येऊ द्या. पहिल्या दिवशी वहीत प्रत्येकाचे वय, काम, बीपी-शुगर आणि सिकलसेलची तपासणी झाली आहे की नाही, एवढे लिहून घ्या. ही माहिती चव्हाट्यावर जाऊ देऊ नका, वाहक म्हणून कोणाचे लग्न मोडता कामा नये. पण ट्रेनरला ती ठाऊक असली पाहिजे.

पोरांच्या कानातले इअरफोन काढून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. ऐकू द्या. चांगले असेल ते आपलेसे करू द्या. पण ऐकलेले अंगावर घेण्याआधी एकदा आपल्या कामाकडे, आपल्या ताटाकडे आणि आपल्या रक्ताकडे पाहायची सवय त्यांना लावू या.

त्या मुलाच्या आईने आता तो कागद पेटीतून काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. मुलाने त्याचा फोटो काढून जिमवाल्याला पाठवला. तुमच्या घरातही असा कागद कुठेतरी असेल. आज संध्याकाळी शोधा. नसेल, तर या आठवड्यात तपासणी करून घ्या.